हाताची घडी, तोंडावर बोट

'कृपया राजकीय चर्चा करू नये.' केशकर्तनालयात आरशाच्या वर, चहाच्या हॉटेलात गल्ल्याच्या मागे, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर ही पाटी महाराष्ट्रात कुठेही भेटते. निवडणूक जवळ आली की तिच्यावरची धूळ पुसली जाते. बरेचदा ती 'उधारी बंद आहे'च्या शेजारी असते, आणि दोन्ही पाट्या लावण्यामागचा अनुभव एकाच प्रकारचा असावा.

शिकलेली माणसं या पाटीला हसतात. लोकशाहीत चर्चेला बंदी म्हणजे काय, अशानेच समाज थंड पडतो, वगैरे. मला ते हसणं पटत नाही. मी त्या पाटीच्या बाजूने आहे. अगदी शेवटपर्यंत नाही, पण बऱ्याच अंतरापर्यंत.

सलूनवाल्याचं गणित बघा. एक गिऱ्हाईक खुर्चीत आहे, त्याच्या गालाला साबण लागलाय. दुसरं बाकावर पेपर चाळत बसलंय. एक कमळवाला, एक मशालवाला. वाद पेटला तर दुकानदाराने बाजू कोणाची घ्यायची? कुठलीही घेतली तरी महिन्याची एक कटिंग गेली, त्या माणसाच्या दोन मुलांची गेली, आणि त्याच्या आळीतली चार घरं जाण्याची शक्यता. शिवाय ज्याच्या गळ्याशी आपला वस्तरा आहे त्याच्याशी मतभेद बोलून दाखवणं सभ्यपणाला धरून नाही. (खुर्चीतल्या माणसानेही त्या वेळी जपून बोलावं, पण तो वेगळा मुद्दा.) हा दुकानदार अराजकीय नसतो. मतदानाच्या दिवशी दुकान उशिरा उघडून तो रांगेत उभा राहतो. त्याला मत आहे आणि ते चांगलं धारदार आहे. फक्त आपलं दुकान ज्यांच्या जिवावर चालतं ते सगळे एका पक्षाचे नाहीत आणि कधी होणारही नाहीत, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

गेल्या काही वर्षांत तर महाराष्ट्राने त्याला मूर्ख ठरवण्याची सोयच ठेवलेली नाही. २०१९च्या ऑक्टोबरात भाजप-शिवसेना एका बाजूला आणि काँग्रेस-राष्ट्रवादी दुसऱ्या बाजूला अशी विधानसभेची निवडणूक झाली. २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. तो संसार चार दिवसही टिकला नाही. २८ नोव्हेंबरला शिवसेना काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सत्तेत बसली. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी. २०२४च्या लोकसभेला बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे एकाच घरातल्या नणंद-भावजय, समोरासमोर उभ्या होत्या. या सगळ्यात नेत्यांनी जागा बदलल्या, त्याची किंमत त्यांना कमीच पडली. २०१९च्या प्रचारात ज्याने मेहुण्याशी बोलणं टाकलं, त्याचा नेता पुढे मेहुण्याच्या नेत्याशेजारी जाऊन बसला असेल. मेहुण्याचं दार मात्र भाऊबीजेला अजून बंदच. नेत्याला तडजोड करायला एक रात्र पुरते. आपल्याला वर्षं लागतात, कारण आपल्या भांडणात कोणी मंत्रिपद देत नाही.

तरीही आज गप्प बसणाऱ्यावर संशय घेतला जातो. 'व्यक्त व्हा' हा शब्दप्रयोग आता आज्ञेसारखा वापरला जातो. काहीही घडलं की दोन प्रश्न तयार असतात: 'आता का गप्प?' आणि 'तेव्हा कुठे होता?' या प्रश्नांची गंमत अशी की उत्तर दिलं तरी ते संपत नाहीत. एका घटनेवर बोलणाऱ्याला दुसऱ्या घटनेची थकबाकी दाखवली जाते. कवीने, क्रिकेटपटूने, शाळेच्या मुख्याध्यापकाने, गणपती मंडळाच्या खजिनदाराने, सगळ्यांनी सगळ्यावर भूमिका घ्यायची. जो घेत नाही तो भित्रा किंवा आतून विकला गेलेला.

हा आग्रह आपल्या कायद्यालाही मान्य नाही. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात ९४वं कलम आहे. त्याचा अर्थ असा की, निवडणुकीत कोणाला मत दिलं हे सांगण्याची सक्ती कुठल्याही साक्षीदारावर वा अन्य व्यक्तीवर करता येणार नाही. साक्षीदारावरसुद्धा नाही. म्हणजे न्यायालयात शपथ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला इतर बरंच काही विचारता येतं, हे मात्र सक्तीने विचारता येत नाही. आणि याच कायद्यात २००३ साली एक दुरुस्ती झाली. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराचं मतदान उघड झालं: पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची. कुलदीप नय्यर यांनी या दुरुस्तीला आव्हान दिलं, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. राज्यसभेच्या त्या दुरुस्तीत घोडेबाजार रोखण्याचा हेतू होता आणि पक्षश्रेष्ठींची सोयही होती, हे खरं. तरी या दोन तरतुदी शेजारी ठेवल्या की एक सूत्र हाती लागतं. शेतमजुराचं मत झाकलेलं, आमदाराचं उघडं. ज्याला बोलण्याने इजा होऊ शकते त्याला झाकण. ज्याच्या हातात दुसऱ्याचं काही आहे त्याला ते नाही.

झाकणही आपण नीट ठेवलेलं नाही, ही तक्रार इथे नोंदवून ठेवतो, कारण गप्प बसणाऱ्या खेडुतांना नावं ठेवणाऱ्यांना ती बहुधा माहीत नसते. मतदान यंत्र आल्यापासून मोजणी केंद्रनिहाय होते. एका केंद्रावर हजार-दीड हजार मतदार. निकालानंतर फॉर्म २० हा सरकारी तक्ता उघडला की कुठल्या केंद्रावर कोणाला किती मतं, हे कोणालाही वाचता येतं. गावात कुठली वस्ती कुठल्या केंद्रावर जाते हे पुढाऱ्याला तोंडपाठ असतं. मग पाणंद रस्ता कोणाचा अडतो आणि टँकर कोणाकडे उशिरा येतो, याचा हिशेब लावायला ज्योतिषी लागत नाही. अनेक केंद्रांची मतं एकत्र करून मोजणारं 'टोटलायझर' नावाचं यंत्र वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ सालीच सुचवलं. विधी आयोगाने २०१५च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारला ते नको होतं. तेव्हा एखाद्या वस्तीत 'यंदा कोणाचं वारं?' असं पत्रकाराने विचारल्यावर माणसं 'बघू, अजून काय ठरलं नाय' म्हणतात, त्याला कृपा करून अज्ञान समजू नये.

गप्प राहण्याच्या हक्काचा आणखी एक दाखला केरळचा आहे. १९८५ साली तिथल्या एका शाळेतली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या धर्मपंथाला ते मान्य नव्हतं. त्यांना शाळेतून काढलं. प्रकरण 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट १९८६मध्ये न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. मुलं उठून उभी राहिली, त्यांनी कोणाचा अपमान केला नाही, कोणाला गाण्यापासून अडवलं नाही. तोंड न उघडण्याबद्दल त्यांना शिक्षा करता येणार नाही. देशभक्तीसारख्या विषयावरही तोंड उघडण्याची सक्ती नाही, तर मग अमुक पक्षाच्या तमुक प्रवक्त्याच्या विधानावर माझं मत काय, हे शेजाऱ्याने दार वाजवून विचारण्याचा प्रश्न कुठे येतो?

इथवर पाटी माझ्याबरोबर आहे. यात मी एका जमातीला मात्र घेत नाही: 'आम्ही बाई त्या राजकारणात पडत नाही' असं नाक वर करून सांगणाऱ्यांना. त्यांचं गप्प बसणं परवडण्यातून आलेलं असतं. पाण्याचं कनेक्शन, मुलाचं ॲडमिशन, बिल्डिंगचा एफएसआय, सगळं राजकारणातूनच आलेलं. ते मिळून गेल्यावर राजकारण घाण झालं. असो. त्यांच्यावर शब्द खर्चण्यापेक्षा जास्त कठीण माणसाकडे वळू.

गप्प बसण्याविरुद्धचा सगळ्यात जड पुरावा वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमाचा आहे. विनोबा भावे यांनी २५ डिसेंबर १९७४ रोजी एक वर्षाचं मौन धरलं. सर्वोदयाच्या घरात, म्हणजे गांधीविचाराने काम करणाऱ्या त्यांच्या चळवळीत, तेव्हा फूट पडत होती. जयप्रकाश नारायण यांच्या बिहारमधल्या आंदोलनात उतरावं की नाही, यावर चळवळीच्या सर्व सेवा संघाचे कार्यकर्ते दुभंगले होते. ऐंशीच्या जवळ पोचलेल्या, मौनाची साधना जुनी असलेल्या माणसाने अशा वेळी तोंड मिटून घेणं समजू शकतं. आपण बोललो तर आपलीच माणसं आणखी फुटतील, हा विचार त्यामागे असेल तर तो सलूनवाल्याच्या विचाराहून फार वेगळा नाही.

पण मौन चालू असतानाच २५ जून १९७५ची रात्र आली. आणीबाणी जाहीर झाली, दिल्लीत जयप्रकाशांना पहाटे उठवून अटक केली. काही दिवसांनी काँग्रेसचे विदर्भातले खासदार वसंत साठे पवनारला गेले. विनोबांनी मौन मोडलं नाही. महाभारतातल्या 'अनुशासन पर्व' या नावाकडे निर्देश केला. मग काय, सरकारला हवं ते मिळालं. 'आपातकाल म्हणजे अनुशासन पर्व' हे विनोबांच्या नावाने देशभर रंगवलं गेलं. हजारो माणसं खटल्याशिवाय तुरुंगात होती आणि गांधींच्या पहिल्या वैयक्तिक सत्याग्रहीचे दोन शब्द भिंतीवरून त्यांना शिस्त शिकवत होते.

२५ डिसेंबर १९७५ला मौन संपल्यावर विनोबांनी खुलासा केला: अनुशासन असतं ते आचार्यांचं, सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन. पुढच्या महिन्यात पवनारला आचार्यांचं संमेलन भरवलं, आणि देशातलं वातावरण पूर्ववत व्हावं असं तिथून सांगितलं गेलं, तेव्हा त्याची भिंतीवर पाटी लागली नाही. १९७६मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषणाची घोषणा केल्यावर तर आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाचे अंकच पोलिसांनी जप्त केले. म्हणजे विनोबा सरकारचे हस्तक होते, हे माझं म्हणणं नाही, आणि जे तसं म्हणतात त्यांना हा पुढचा भाग सोयीस्करपणे विसरायला होतो. माझं म्हणणं इतकंच की मोठ्या माणसाचं मौन म्हणजे कोऱ्या कागदावरची सही. वर मजकूर कोणीही लिहितो, आणि जो सत्तेत असतो त्याच्या हातात पेन आधीच असतं.

यातून मला एक कसोटी सापडते. आपल्या गप्प बसण्याचं कोणी पोस्टर करू शकतं का? 'अमुक सलूनवाल्याने राजकीय चर्चा बंद केली' याचं पोस्टर करून कोणाला काही मिळत नाही. त्याचं गप्प बसणं त्याच्या दुकानात संपतं. साहित्य संस्थेचा अध्यक्ष, विद्यापीठाचा कुलगुरू, ज्यांच्या कीर्तनाला मांडव भरतो असे महाराज, लाखो लोक ज्यांना फॉलो करतात असे नट, यांच्या गप्प बसण्याचं पोस्टर होतं. त्यांनी सगळ्यावर बोललं पाहिजे असं मी म्हणत नाही. पण 'मी काहीच बोललो नाही, मग मला का विचारता?' हे म्हणण्याची मुभा त्यांना नाही.

पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? इथे दुर्गा भागवतांकडे बघावं लागतं. विनोबांचं मौन संपत आलं होतं त्याच डिसेंबरात, १९७५ साली, कराडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. गाव यशवंतरावांचं, ते केंद्रात परराष्ट्रमंत्री, आणीबाणी चालू, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. आळीमिळी गुपचिळी करून संमेलन उरकण्याला सगळं अनुकूल होतं. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलायचं ते बोललंच. पण त्या संमेलनातला लोकांच्या लक्षात राहिलेला क्षण वेगळा आहे. जयप्रकाशांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, नोव्हेंबरात त्यांना सोडलं होतं आणि ते मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. त्यांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करावी, असं आवाहन दुर्गाबाईंनी मांडवातल्या लोकांना केलं. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

त्या आवाहनात किती थोडं मागितलं होतं, हे पुन्हा पाहण्यासारखं आहे. जनता पक्ष तेव्हा जन्मायचा होता. इंदिरा गांधी जाव्यात, अमुक यावेत, असं काही त्या आवाहनात नव्हतं. आजारी माणूस आजारी आहे आणि तो बरा व्हावा, एवढंच. मांडवातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. माहीत असलेलं मोठ्याने म्हणणं हाच तिथे गुन्हा होता. सरकारलाही कळलं की हे मत नाही. ही साक्ष आहे, आणि साक्ष मतापेक्षा जड जाते.

माझा सगळा मुद्दा इथे येऊन ठेपतो. आपण ज्याला सरसकट 'गप्प बसणं' म्हणतो त्यात दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या आहेत. मला काय वाटतं हे न सांगणं ही एक. मी काय पाहिलं हे न सांगणं ही दुसरी. पहिलीत माझं मत माझ्याजवळ राहतं आणि कोणाचं काही जात नाही. दुसरीत ज्याच्यावर प्रसंग आला त्याचं जातं. राज्यघटनेने विसाव्या अनुच्छेदात आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क दिलाय. डोळ्यांनी पाहिलेल्या तिसऱ्या माणसाला तो हक्क दिलेला नाही, आणि न देण्यात अर्थ आहे.

तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढा संशय त्याला पुरला. भर दिवसा, शाळेच्या आवारातून त्याला मारत नेलं असा आरोप होता. म्हणजे पाहणारे कमी नव्हते. नोव्हेंबर २०१७मध्ये सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. न्यायालय पुराव्यावर चालतं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण शाळा भरल्यावर मुलांना 'नेहमी खरे बोलावे' हा सुविचार फळ्यावर लिहून देणाऱ्या गावात खरं काय ते कोणालाच आठवेना. या माणसांना राजकीय भूमिका कोणी विचारली नव्हती. आरक्षणाबद्दल, आंतरजातीय लग्नाबद्दल, कुठल्या पक्षाबद्दल त्यांचं काय मत होतं याच्याशी न्यायालयाला देणंघेणं नव्हतं. त्या दिवशी काय दिसलं, एवढंच विचारलं होतं.

बोलणाऱ्याचं काय होतं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हा उपदेश फुकटचा होईल. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा आणि प्रियांका भोतमांगे या मायलेकींनी एका मारहाणीत मारणारे कोण होते हे पोलिसांपुढे सांगितलं होतं. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या दोघींसह घरातल्या चौघांना ठार मारण्यात आलं. गाव तेव्हाही गप्प होतं. साक्षीदारांना संरक्षण देण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केली ती २०१८च्या डिसेंबरात, आणि गावातल्या माणसाला अजूनही तिच्यापेक्षा सरपंचाच्या भावाचा शब्द जवळचा वाटतो. म्हणून वस्तीतल्या एकट्या-दुकट्या घराने तोंड मिटलं तर त्याला दोष देण्याची हिंमत मला होत नाही. पण शाळेतला पगारी शिक्षक, सोसायटीचा चेअरमन, गावात दीडशे घरांची भावकी असलेला माणूस, यांना बोलण्याची किंमत तेवढी पडत नाही. त्यांनी न दिलेल्या साक्षीचं बिल त्या एकट्या घराच्या नावावर फाटतं.

आता तापलेल्या जागी येतो. सप्टेंबर २०२३मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा-ओबीसी प्रश्न मराठवाड्यात घराघरात शिरला. २०२४च्या लोकसभेला बीडमध्ये मराठा उमेदवार बजरंग सोनवणे यांनी ओबीसी नेत्या पंकजा मुंडे यांचा साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पराभव केला. निकालानंतर एकमेकांच्या दुकानातून माल घेऊ नका, त्यांच्या हॉटेलात चहा पिऊ नका, अशा गोष्टी त्या भागात उघड बोलल्या गेल्याच्या बातम्या आल्या. २०२५मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनावं काढून फक्त पहिली नावं ठेवली. वर्दीवरचं आडनाव वाचून माणसं तक्रार द्यावी की नाही हे ठरवू लागली तर दुसरं काय करणार? एका परीने तीही 'राजकीय चर्चा करू नये'चीच पाटी, आणि मला ती योग्य वाटते.

अशा जागी गप्प बसणं कुठे शहाणपणाचं आणि कुठे नाही? आरक्षण कोणाला किती, कुणबी नोंदी कशा ग्राह्य धरायच्या, पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचं काय, यावर चहाच्या टपरीवर दोघांनी वाद घातला नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. त्याला आयोग आहेत, न्यायालयं आहेत, विधिमंडळ आहे, आणि टपरीवरच्या वादाने त्यातलं काही हलत नाही. पण 'त्यांच्या दुकानातून घेऊ नका' हा संदेश आपल्या ग्रुपवर येतो तेव्हा तो मताचा मामला उरत नाही. एका ओळखीच्या माणसाच्या गल्ल्यावर हात पडलेला आपण बघत असतो. आणि आपल्याकडच्या ग्रुप ॲडमिनची पद्धत मोठी नमुनेदार आहे. कोणी पक्षाचं व्यंगचित्र टाकलं की तो ताबडतोब लिहितो, 'कृपया राजकीय पोस्ट नको, ग्रुप फक्त समाजकार्यासाठी आहे.' बहिष्काराचा संदेश मात्र समाजकार्यात बसतो. मूग गिळायचे तेही निवडून.

कायदाही इथे अर्धाच मदतीला येतो. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, देशात पहिला, अभिमान बाळगावा असाच. पण तो प्रामुख्याने जातपंचायतीने आपल्याच जातीतल्या माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. एका जातीने दुसऱ्या जातीच्या किराणा दुकानाकडे पाठ फिरवली तर त्यात पकडायचं कसं? गिऱ्हाइकाने कुठून साखर घ्यावी हे कायदा ठरवू शकत नाही. तिथे नेहमीच्या गिऱ्हाइकाने नेहमीसारखं जाऊन पिशवी पुढे करणं, एवढंच उरतं. त्याला भाषण लागत नाही.

न बोलता बाजू घेण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि गंमत म्हणजे तिचा एक उत्तम दाखला नाभिकांचाच आहे. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी ठरवलं की विधवांचं केशवपन आपण करणार नाही. धर्मशास्त्र काय म्हणतं यावर शास्त्री-पंडितांशी वाद घालायला ते गेले नाहीत. आपल्या हाताने जे होतं ते होऊ देणार नाही, एवढंच म्हणाले. प्रत्येक प्रश्नावर माझं काय मत, याचं उत्तर मी जगाला देणं लागत नाही. माझ्या हातांनी काय होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर काय झालं, याचं लागतो.

यावर कोणी म्हणेल, मत दाबून ठेवणारी माणसं ऐन वेळी साक्ष तरी कशी देतील? तोंड बंद ठेवण्याची सवय तोंडाला लागतेच की. हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो, आणि त्याचं उत्तर मला भिवंडीत सापडतं. १९८४ला भिवंडी भयंकर दंगलीत होरपळली होती. १९८८पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या: सुमारे सत्तर समित्या, प्रत्येकीत हिंदू-मुसलमान दोन्ही आणि एक पोलीस. या समित्यांत बसून अयोध्येचा प्रश्न सोडवायचा नव्हता. रोजच्या कुरबुरी, घरगुती भांडणं, गल्लीतल्या तक्रारी एकमेकांसमोर मांडायच्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या माणसांची अयोध्येबद्दलची मतं एक झाली असतील असं मला मुळीच वाटत नाही. चार वर्षं ती समोरासमोर बसून पाहिलेलं पाहिलं म्हणायला शिकली होती: कोणाच्या पोराने काय केलं, कोण खोटं बोलतंय, ही अफवा कुठून आली. अफवा मारायला मत लागत नाही. 'मी तिथे होतो, असं काही झालं नाही' म्हणणारा माणूस लागतो, आणि त्याच्यावर पलीकडच्या गल्लीचा विश्वास लागतो. रोज पक्षाच्या नावाने भांडणाऱ्यावर तो विश्वास कोण ठेवेल? उलट ज्याने मत स्वतःजवळ ठेवलंय, त्याच्या साक्षीला दोन्हीकडे किंमत असते.

पुलंचं उदाहरण या संदर्भात आठवतं. आयुष्यभर पक्षांपासून लांब राहिलेला हा माणूस १९७७च्या निवडणुकीत सभांमधून बोलला, गर्दीने ऐकला गेला, आणि निवडणूक झाल्यावर आपल्या कामाला परत गेला. रोज उठून 'व्यक्त' होत असते तर त्या महिन्याभराच्या बोलण्याला ते वजन आलं असतं का, मला शंका आहे.

शहरातल्या वाचकाला बीड आणि खर्डा लांब वाटत असतील तर आपल्याच इमारतीच्या मासिक सभेत बसून बघावं. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने जायचा असतो. येणाऱ्याचं आडनाव ऐकून कमिटीतला एकजण म्हणतो, 'नको, उगाच कटकट, त्यांचं खाणंपिणं वेगळं असतं.' सगळे छताकडे बघतात. इथे कोणी संविधानावर भाषण करावं अशी माझी अपेक्षा नाही, आणि कोण कोणाला मत देतं हे तर कोणी काढूच नये. एका सभासदाने फक्त म्हणायचं, 'ठीक आहे, नकाराचं कारण जे आत्ता सांगितलंत तेच इतिवृत्तात लिहा, आणि खाली सह्या करू.' सेक्रेटरी पेन उचलतो, चेअरमनकडे बघतो, आणि मग बहुतेक वेळा असं होतं की विषय पुढच्या सभेवर जातो किंवा भाडेकरूला होकार मिळतो, कारण ते वाक्य स्वतःच्या सहीखाली कोणालाच नको असतं.